बडोद्यात १९७१ची फियाट १२४ स्पोर्ट कूपे विकायला आहे, घ्यावी का?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. सरळ विषयावर येतो.

सयाजीगंजाच्या मागच्या बाजूला एक जुना बंगला आहे. तिथे १९७१ची फियाट १२४ स्पोर्ट कूपे उभी आहे आणि ती विकायची आहे. आपल्याकडे बनलेली पद्मिनी नाही, डिलाइट नाही, ११८ एनई पण नाही. दोन दरवाजे, समोर चार गोल दिवे, चार माणसं बसतील अशी इटलीत बनलेली गाडी, आणि स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. घरातले काका नैरोबीला होते. १९७३ला कायमचे परत आले तेव्हा बाकीच्या सामानाबरोबर बोटीने मुंबईला उतरवली आणि चालवत बडोद्याला आणली. काका मागच्या वर्षी गेले. मुलगा टोरांटोला असतो, काकी दिवाळीनंतर त्याच्याकडे निघाल्यात, बंगल्याचाही सौदा झालाय. मुलाने व्हॉट्सॅपवर जाहिरात फिरवली आहे : ‘वेल मेंटेन्ड, सिंगल ओनर, ओरिजिनल पेंट, १६०० ट्विन कॅम, रनिंग कंडिशन.’ मागणी १८ लाख.

मी जाऊन पाहून आलो. गडद निळा रंग, जवळून पाहिला तर बारीक रेघा आहेत पण चमक आहे. नवी बॅटरी घालून ठेवली होती. चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला उठली. आणि तो आवाज! आमच्या बाबांकडे १९६८ची डिलाइट होती, दांडिया बझारच्या वाड्यातून ती बाहेर काढताना मी कायम मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायचो, म्हणजे फियाटचा आवाज मला ओळखीचा. हा तो नव्हेच. घरच्या ड्रायव्हरने कंपाउंडमध्ये पुढे-मागे करून दाखवली. पाच गिअर, खाली जमिनीवर. क्लच हलका. आत सगळे मीटर जागेवर, सीटची रेक्झिन एका ठिकाणी उसवलीय फक्त. थोडा कोंदट वास येतो, पण बंद गाडी म्हटल्यावर येणारच. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट नवं घातलंय, बाकी सगळं कंपनीचं.

ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, गाडी टनाटन छे, काकाए दीकरानी जेम राखी छे.” म्हणजे पोटच्या मुलासारखी जपलीय.

माझे प्रश्न असे. किंमत बरोबर वाटते का? सुटे भाग मिळतात का, की पद्मिनीचे थोडेफार चालतात? कागदपत्रांत काय पाहायचं? आणि ही गाडी मला उभी करून पुसायची नाहीये. पावागढ, जमलं तर महाबळेश्वर, असं हिला घेऊन जायचं आहे. सौ.चं म्हणणं एवढंच की टेनामेंटच्या पुढच्या जागेत दोन गाड्या मावत नाहीत, तेव्हा तिची गाडी उन्हात राहणार नसेल तर तिची काही हरकत नाही. तो प्रश्न मी वेगळा सोडवीन.

रावपुरा टॉवर

आधी फोटो टाका. फोटोशिवाय १८ लाखांची चर्चा म्हणजे पत्रिका न पाहता मंगल कार्यालय बुक करणं.

दुसरं, जीटी, म्हणजे लांबचा पल्ला वेगात आणि आरामात मारणारी गाडी, म्हणून नावाजायची असेल तर ही बिचारी फियाटची मध्यमवर्गीय कूपे आहे हे लक्षात असू द्या. खरी जीटी म्हणजे लान्चिया ऑरेलिया बी२०. १९५१ची. व्ही सहा इंजिन, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. त्याच वर्षी मिल्ले मिल्या शर्यतीत दोन लिटरची ऑरेलिया घेऊन ब्राक्को दुसरा आला होता, पुढे फक्त व्हिल्लोरेसी, आणि त्याच्याकडे ४.१ लिटरची फेरारी. तिथून पुढे इटलीतल्या प्रत्येकाला आपल्या गाडीमागे जीटी लावायची हौस आली.

तुमच्या गाडीची एक गंमत सांगतो. तिच्या आधीच्या मॉडेलचे, म्हणजे समोर दोनच दिवे असलेल्या १२४ कूपेचे मागचे लाल दिवे लॅम्बोर्गिनीने उचलून एस्पाडाला लावले होते. तुमच्याकडे चार दिवेवाली आहे, म्हणजे तो मान हुकला.

जानेवारी २०२३ला लक्ष्मीविलास पॅलेसला विंटेज गाड्यांचा मोठा मेळा झाला होता, तिथे गेला होतात का? तिथे उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की ‘वेल मेंटेन्ड’ कशाला म्हणतात ते कळतं. आणि किती पैसे लागतात तेही.

गॅरेजवाले आजोबा

ऑरेलिया बडोद्यात विकायला नाही, टॉवरसाहेब. जी आहे तिच्याबद्दल बोलू.

मांजलपूरकर, सगळे इंजिनावर भाळतात, तुम्ही पण भाळलात. मी इंजिनाकडे शेवटी जाईन. तुम्ही ओघात दोन गोष्टी लिहून गेलात : कोंदट वास आणि ड्रायव्हरच्या पायाखाली नवं कार्पेट. ज्या गाडीचा रंगसुद्धा कंपनीचा आहे, उसवलेली सीट ज्या घरात शिवून घेतली नाही, तिथे एकट्या त्या कोपऱ्याचं कार्पेट का बदललं? पुण्यात मी म्हटलं असतं, बुटाने झिजलं असेल. बडोद्यात, आणि त्यातही सयाजीगंजात, मी आधी विश्वामित्री नदीच्या पुराचा हिशेब विचारतो.

३१ जुलै २०१९ला एका दिवसात ४०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४च्या शेवटी तर नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण २६ फुटांची असताना. लोकांच्या अंगणात मगरी आल्या होत्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मगर निघून जाते, तिचे फोटो उरतात. गाळ निघून जात नाही. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नाही. पहिला प्रश्न : त्या दोन्ही वेळी ही गाडी कुठे उभी होती? काकींना विचारा, ड्रायव्हरला नको. गाडी विकली गेली तर ड्रायव्हरला काहीतरी मिळणार आहे.

मग स्वतः पाहा. नवं कार्पेट नव्हे, जुनं उचला, शेजारच्या सीटखालचं आणि मागचं. खालच्या नमद्याला बोट लावा. बारीक, पिठूळ, राखाडी माती बोटाला लागली तर ती नदीची. सीटच्या पट्ट्या, म्हणजे ज्यावर सीट पुढे-मागे सरकते त्या, एका ठराविक उंचीपर्यंत गंजलेल्या आणि वर स्वच्छ, असं दिसलं की पाणी कुठवर होतं ते कळलं. दरवाजाचं आतलं पॅड काढायला लावा. नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या. डॅशबोर्डखाली वायरिंगचे जोड हिरवे पडलेत का बघा. मागच्या डिफरन्शिअलचा वरचा बोल्ट उघडून तेलात करंगळी घाला. तेल पांढुरकं आलं तर आत पाणी गेलंय. हेडलाइटच्या आतल्या चकचकीत वाटीत खालच्या बाजूला आडवी रेघ आहे का तेही पाहा, ती पुसायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

आता पत्रा. या गाड्यांचा पत्रा इटलीतच गंजायचा, इथे तर आपला पावसाळा. खिशात एक लोहचुंबक ठेवा, कापडात गुंडाळून, रंगाला ओरखडा नको. दरवाजाखालची लांब पट्टी, पुढच्या मडगार्डचा दिव्यामागचा भाग, पुढची काच जिथे टेकते तो कोपरा, डिकीत स्टेपनीचा खड्डा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी आहे, मग ‘ओरिजिनल पेंट’ हे शब्द परत घ्यायला लावा. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंना, पुढचं सस्पेन्शन वर जिथे बसतं त्या टोप्या बघा. तिथे गंज असेल किंवा चीर असेल तर तो नुसता डेंटरचा विषय नाही, गाडीच्या सरळपणाचा आहे. खाली झोपून पुढचा आडवा मेंबर बघा, इंजिनाचं माउंटिंग जिथे बसतं त्याच्या आसपास तडे जातात. १२४ची ही जुनी खोड आहे, तिच्या उघड्या टपाच्या बहिणीला, स्पायडरला पण होती.

आता तुमचं लाडकं इंजिन. मी कुवेतला ऐंशीच्या दशकात फियाटच्या १३१ आणि १३२ या गाड्यांवर हात काळे केलेत, त्यांच्यात याच घराण्याचं इंजिन. आउरेलियो लाम्प्रेदी नावाच्या माणसाचं. हा आधी फेरारीत होता. १९५२ आणि १९५३ला शर्यतपटू आस्कारी ज्या चार सिलिंडरच्या फेरारीवर जगज्जेता झाला, तिचं इंजिन त्याने काढलेलं. नंतर फियाटमध्ये येऊन त्याने १२४च्या साध्या ब्लॉकवर दोन कॅमशाफ्टचं हेड बसवलं आणि ते फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा दिला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत दोन कॅम आणि पट्टा, हे तेव्हा नवं होतं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते टॅपेट. टॅपेटच्या डोक्यावर चकती असते, क्लिअरन्स बदलायचा तर कॅमशाफ्ट न काढता चकती बदलायची. ज्याने हे योजलं त्याने कधीतरी स्वतः गॅरेजमध्ये घाम गाळला असणार.

पण पट्टा रबराचा आहे, आणि रबर उभ्या गाडीत पण म्हातारं होतं. शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल तर नवा घालेपर्यंत ती गाडी स्टार्ट करू नका. तुम्ही दुसऱ्या सेल्फला उठवली म्हणे. यापुढे नको. चालत्या इंजिनात पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात, मग तुमचा तो आवाज बंद.

इंजिनावरचा कोड वाचा. १६०८ सीसी असेल तर १२५ बीसी असं असतं. १२४ एसी दिसलं तर ते १४३८चं आहे, म्हणजे एक तर मुलाला माहीत नाही किंवा मधे कधीतरी इंजिन बदललंय. १६०८वर दोन वेबर कार्ब्युरेटर असतात, ते जागेवर आहेत का? आपल्याकडे एव्हरेज वाढवायला लोकांनी काय काय काढून काय काय बसवलं, ते आठवलं तरी मला त्रास होतो.

ब्रेक चारही चाकांना डिस्क आहेत. त्या काळात ही चैन होती. पण हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधूनच चालतो आणि उभ्या गाडीत तो जाम होतो. जॅकवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा, हँडब्रेक ओढा, सोडा, परत फिरवा. फिरलं नाही तर कॅलिपर खोलायची तयारी ठेवा.

पद्मिनीचं काही चालतं का? नाही. नाव सोडून काहीच नाही. ११८ एनई ही १२४ सेडानच्या घरातली, पण तिच्यात निसानचं इंजिन, तेव्हा तिचंही इंजिनाचं काही उपयोगी नाही. खालचं एखादं रबर किंवा बुश मापाला जुळलं तर नशीब. तरी घाबरू नका. हीच यंत्रसामग्री घेऊन १२४ स्पायडर १९८५पर्यंत बनत होती आणि अमेरिकेत पोत्याने विकली गेली, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं सामान आजही बाहेरून मागवता येतं. मिळत नाही तो कूपेचा पत्रा, काचा आणि क्रोमच्या पट्ट्या. म्हणून म्हणतो, बिघडलेलं इंजिन आणि सरळ कोरडा पत्रा असेल तर घ्या. उलटं असेल तर नमस्कार करा.

किमतीबद्दल आत्ता बोलत नाही. पत्रा पाहिल्याशिवाय भाव सांगणारा मिस्त्री खोटारडा.

मांजलपूरकर

आजोबा, बसूनच वाचलं म्हणून बरं.

काकींकडे आज संध्याकाळी गेलो. बाई सरळ आहेत. २०१९ला पाणी पोर्चमध्ये शिरलं होतं, गाडी तिथेच होती, “पगथियां सुधी” म्हणजे पायरीपर्यंत. काका हयात होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन घेतलं आणि कार्पेट तेव्हाच बदललं. २०२४ला मात्र शेजारच्या मुलांनी आदल्या रात्री ढकलत नेऊन रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या रॅम्पवर चढवली होती. तो फोटो मुलांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये आहे, मी पाहिला. गाडी रॅम्पवर, खाली सगळं पाणी.

मागचं जुनं कार्पेट उचललं. माती आहे. थोडी. ड्रायव्हरच्या सीटच्या पट्ट्या खालून दोन बोटं गंजलेल्या. पोर्चची पायरी आणि गाडीचा तळ यांची उंची टेपने मोजली, पाणी तळाच्या जेमतेम वर आलं असणार. दरवाजाचं पॅड काढायला काकी हो म्हणाल्या, पण माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर नव्हता आणि ड्रायव्हरला अचानक आठवलं की त्याला बसस्टँडवर कुणाला घ्यायला जायचंय.

इंजिनाचा कोड : १२५ बीसी. दोन वेबर आहेत. पट्ट्याचं बिल नाही.

कागद असे आहेत : आरसी बुक, जुनं, निळं, हाताने लिहिलेलं, तीन अक्षरी गुजरातचा नंबर. कस्टमची पावती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, तिच्यावर बोटीचं नावसुद्धा आहे. नैरोबीचं लॉगबुक. आरसीवर शेवटचा नूतनीकरणाचा शिक्का आहे, पण त्याची मुदत संपून बरीच वर्षं झाली.

कागदपत्री

मी आरटीओच्या कामात निम्मं आयुष्य घालवलं, त्यामुळे मला गाडीतलं काही कळत नाही आणि तिच्या फायलीतलं सगळं कळतं.

तुमच्याकडे कस्टमची पावती आहे ही सगळ्यात मोठी गोष्ट. परदेशी बनावटीची कितीतरी जुनी वाहनं केवळ त्या एका कागदावाचून अडकून पडलीत. मूळ प्रत काकी विमानात बसण्याआधी ताब्यात घ्या, झेरॉक्सवर समाधान मानू नका. मग बॉनेटखालचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवा आणि कस्टम पावती, लॉगबुक, आरसी, तिन्हींशी ताडून पाहा. एक आकडा इकडचा तिकडे असला तरी थांबा. हाताने लिहिलेल्या बुकात १ आणि ७ यांची गल्लत मी पुष्कळ पाहिली आहे. ती दुरुस्त होते, पण मालकाच्या नावाने अर्ज करून, म्हणजे विक्रीच्या आधी. इथे मालक हयात नाहीत, तेव्हा गाडी आधी वारसाच्या नावावर होईल, फॉर्म ३१वर, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडून. ती झाल्यावर तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. मुलगा टोरांटोला आहे, त्याची सही तिथून लागली तर वेळ जाईल. काकींच्या तिकिटाची तारीख विचारून मागे मोजत या.

पुढे दोन रस्ते आहेत, आणि तुमच्या पावागढचा निकाल इथे लागतो.

पहिला : विंटेज म्हणून नोंद. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, व्यापारी वापर नसलेली, मूळ स्वरूपात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते, बाहेरून आणलेलीसुद्धा. तुमची पहिली नोंद नैरोबीची आहे, म्हणून ते लॉगबुक जपा. अर्ज फॉर्म २०वर, नव्या नोंदीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५ हजारांत. नवा नंबर मिळाला तर त्यात व्हीए ही अक्षरं येतात, आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमचा तीन अक्षरी नंबर घालवू नका, एवढं सांगून ठेवतो. पण अट अशी की विंटेज नोंदीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. महाबळेश्वर यात बसत नाही. विकली तर दोघांनी ९० दिवसांत कळवायचं.

दुसरा : साध्या खाजगी वाहनाची नोंद चालू ठेवणं. फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. हिंडायला मोकळे. पण २०२५च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांच्या फीचे दर वाढले आणि इम्पोर्टेड चारचाकीसाठी ते ८० हजार झाले. मधल्या वर्षांचा दंड आणि राज्याचा कर वेगळा. तो आकडा आरटीओच्या खिडकीवरच कळेल, आणि तो सौद्याच्या आधी विचारायचा, कारण तो विकणाऱ्याच्या खिशातून जायला हवा.

सराफ्यातली

मी इंदूरची. आमच्या घरी आजोबांची जुनी स्टँडर्ड हेराल्ड गाडी आहे, आम्ही साधी नोंद चालू ठेवली. विंटेज नंबर घेतला असता तर पैसे वाचले असते, पण मग ती फक्त रॅलीला बाहेर निघाली असती. उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेक धरतात, टाकीत गंज येतो. त्यामुळे रविवारी सकाळी, छप्पन दुकानला पोहे खायला का होईना, ती बाहेर निघते.

मांजलपूरकर, एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. १९७१चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधले पडदे आणि पॅकिंग, पहिल्या महिन्यातच इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्या. आमच्याकडे पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता आणि हाताने दाबल्यावर चिकट लागला. इंजिन गरम, वर पेट्रोल गळतंय, विचार करा. आणि टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

टायरवर चार आकडी शिक्का असतो, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचं टायर एक्सप्रेस वेवर नेऊ नका.

आणि तुमच्या सौ.चं बरोबर आहे. माझी गाडी उन्हात आणि हेराल्ड सावलीत, हे मी सहन करते कारण हेराल्ड माझ्या आजोबांची आहे. तुमची कूपे त्यांच्या आजोबांची नाही.

रावपुरा टॉवर

हा शेवटचा मुद्दा कुठल्याही आरटीओपेक्षा जड आहे.

मांजलपूरकर, फोटो अजून आले नाहीत.

गॅरेजवाले आजोबा

काकी खरं बोलल्या, याला किंमत आहे. पाणी तळाच्या वर जेमतेम, एकदाच, आणि लगेच धुतलं, हे त्यातल्या त्यात बरं. पण सहा वर्षं तो नमदा ओला-सुका होत राहिलाय. तेव्हा तळाचा पत्रा कसा आहे त्यावर सगळं. नमदा काढून फेकायचा, पेचकसाच्या मागच्या मुठीने तळ ठोकत जायचं. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तिथे खूण करायची. खुणा दोन-चार असतील तर पत्रा कापून नवा मारता येतो, आपल्याकडे मकरपुऱ्यात अजून एक-दोन हात आहेत जे गॅस वेल्डिंग नीट करतात. खुणा दरवाजाखालच्या पट्टीपर्यंत पोचल्या तर मी तुम्हाला गाडीपासून ओढून नेईन.

किमतीचं आता सांगतो. १८ ही टोरांटोहून आलेली मागणी आहे, तिकडच्या वेबसाइटवर चकाचक गाड्या पाहून. ही गाडी चालती करायला पट्टा, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, चारही कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळे पाइप, पाच टायर, रेडिएटरची सफाई. त्यात तळाचं काम आणि कागदपत्रींनी सांगितलेला आरटीओचा आकडा. मजुरी मी धरत नाही, ती आपण बोलू. तळ खणखणीत निघाला तर १२ला सुरुवात करा आणि १४च्या वर जाऊ नका. नाही निघाला तर ८. मुलगा रागावेल, रागावू दे. काकींशी भावावरून वाद घालू नका, आकडे कागदावर लिहून द्या आणि त्या मुलाला पाठवतील.

आणि विंटेज नंबरच्या भानगडीत पडू नका. ही गाडी सरळ रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये तासन्‌तास पळायला बनवलीय. वर्षातून एकदा पॅलेसच्या हिरवळीवर उभी करायची असेल तर लक्ष्मीविलासवाल्यांना विकू द्या. ८० हजार भरा आणि चालवा. हे माझं मत, कागदपत्री वेगळं सांगतील.

कागदपत्री

वेगळं सांगत नाही. फक्त भरण्याआधी फिटनेस होईल याची खात्री करा. आधी ब्रेक, मग तपासणी, मग फी.

मांजलपूरकर

फोटो आज रात्री टाकतो टॉवर, वचन.

काकींशी बोललो. तिकीट २० नोव्हेंबरचं आहे, मुलगा त्याआधी आठवडाभर येतोय, म्हणजे सह्या इथेच होतील. तळ ठोकून बघायला त्यांची हरकत नाही, उलट म्हणाल्या की काकांना आवडलं असतं कुणी एवढं विचारतंय ते. आजोबा, रविवारी सकाळी जमेल का? मी घ्यायला येतो. माझ्याकडे जॅक आहे, स्टँड नाहीत. चुंबक मुलीच्या शाळेच्या डब्यातून घेतलाय.

सौ.नी तुमचा प्रतिसाद वाचला, सराफ्यातली ताई. शेडचं कोटेशन मागवलंय. दोन गाड्यांचं.

गॅरेजवाले आजोबा

रविवारी साडेसात. उन्हाच्या आत. स्टँड माझे आणतो, तुमच्या गाडीच्या डिकीतला जॅक आणू नका, त्या जॅकवर मी माझं डोकं ठेवत नाही. जुना सदरा घाला, झोपावं लागेल. आणि त्या ड्रायव्हरला सांगा, बसस्टँडवर कुणाला घ्यायचं असेल तर शनिवारी घेऊन ये.